बॉनेटचा नायटा

माझी गाडी चौदा वर्षांची, मरून रंगाची. साकोलीहून लाखांदूरकडच्या एका शाळेत मी शिकवायला जाते, ती याच गाडीनं. शाळेत एकच झाड आहे आणि त्याखाली मुख्याध्यापकांची मोटरसायकल असते. त्यामुळे माझी गाडी दिवसभर उन्हात. दोन उन्हाळ्यांत बॉनेटवर पांढरे डाग उठले. मग त्यांच्या कडा सुटल्या आणि रंगावरचा चकचकीत, पारदर्शक थर पापुद्र्यासारखा निघायला लागला.

सासूबाईंनी अंगणातून एकदाच पाहिलं आणि निदान केलं. "काहून वं, तुह्या गाडीले नायटा झाला का?"

"नायटा नाही आई, क्लिअर कोट गेला."

"तेच ते. खाजवू नको, पसरते."

मी खाजवलं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. नखानं कड उचलली की तळहाताएवढा तुकडा अलगद हातात यायचा. रविवारची अख्खी दुपार त्यात गेली, तपासायचे पेपर तसेच राहिले. संध्याकाळी बॉनेटची दशा पाहून मी पेपर तपासायला घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लखलखत होतं. सासूबाईंनी त्यावर खोबरेल तेल चोळलं होतं. अर्धी बाटली, तीही माझ्या केसांची. रस्त्याचं काम सुरू होतं, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंत वाटेतली सगळी धूळ बॉनेटवर बसली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, धानाच्या बांधीतून आणली का गाडी?"

शेवटी साकोलीतल्या एका रंगाऱ्याकडे गेलो. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. रंगाऱ्यानं बॉनेटवर बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तेल कोणी लावलं?"

"मी," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "बिघडलं का काही?"

"नाही आजी. पण तेलावर रंग धरत नाही. आता पहिले तेल काढा लागते, मंग घासा लागते, मंग रंग, मंग क्लिअर."

"नुसत्या पॉलिशनं नाही होणार?" मी विचारलं.

"पॉलिश क्लिअरले चमकवते. इथं क्लिअरच नाही. चमकवू कायले?"

छतही सोललं होतं, पण ते कोणाला दिसतं, म्हणून मी नको म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "मले दिसते, गच्चीवरून." छतही झालं.

आठवडाभर मी एसटीनं गेले. गाडी परत आली तेव्हा बॉनेट आणि छत नव्या नवरीसारखे आणि चारही दारं तिच्या दमलेल्या मामांसारखी. नवा रंग जुन्याशी पुरता जुळत नाही, हे रंगाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. मी ते ऐकायचं टाळलं होतं.

निदान हे तरी टिकावं म्हणून जाडजूड कव्हर विकत आणलं. पहिल्याच रविवारी पाहते तर कव्हर अंगणात अंथरलेलं, त्यावर लाल मिरच्या वाळत पडलेल्या, आणि शेजारी गाडी उघड्या उन्हात उभी. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मिरच्या खरंच छान वाळल्या होत्या. मग मीही खाली बसले आणि देठं काढायला लागले.