कुठलंही चालेल म्हणणारं गिऱ्हाईक

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या आमच्या गावात पिस्तूल घ्यायचं तर लोक लोरेटा प्रुइटच्या दुकानात जात. माझं केस कापायचं दुकान तिच्या शेजारीच. तिच्या दुकानामागे नेमबाजीची लांबट खोली होती आणि चार पिस्तुलं चालवून पाहिल्याशिवाय ती नवख्याला एकही विकत नसे. खिशात मावणारं चिमुकलं पिस्तूल सगळ्यांनाच आवडे. पण ते हलकं, म्हणून झटका जबर. दोन बार काढले की तळहात झिणझिणतो आणि नेम भलतीकडे जातो. जड पोलादी रिव्हॉल्व्हर हातात शांत बसतं, पण चाप ओढायला बोटात जोर लागतो. संधिवात असलेल्या बायकांना तर काही पिस्तुलांचा, गोळी चढवायला ओढावा लागणारा, वरचा भाग मागे खेचताच येत नसे. "बूट घालून बघता ना? मग हेही बघा," असं ती म्हणे. लोक कुरकुरत, एकमेकांच्या नेमाची टर उडवत.

गेल्या फेब्रुवारीत हार्लन टीग आला. निवृत्त पोस्टमन, बायको नाताळाआधीच वारलेली. लोरेटाने तीन पिस्तुलं पुढे मांडली. त्याने एकालाही हात लावला नाही.

"कुठलंही चालेल," तो म्हणाला.

"मागे या, चालवून बघा."

"बघून काय करायचंय?"

पकड, वजन, झटका, कशाचीच त्याला फिकीर नव्हती. लोरेटाने तिन्ही पिस्तुलं उचलून कपाटात कुलूपबंद केली.

"हार्लन, हे मी तुम्हाला देणार नाही. जीव द्यायचं मनात आहे का?"

तो भडकला, तुझा काय संबंध म्हणाला. पण उठून गेला नाही. तिथेच स्टुलावर बसून रडू लागला. तिने दुकान बंद केलं, त्याच्या बहिणीला फोन लावला आणि ती येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली.

बहिणीने त्याला शेजारच्या आयोवा राज्यात आपल्या घरी नेलं. उपचार चालू आहेत, पण दिवसभर कुणाशी बोलत नाही म्हणे. लोरेटाने एकदा फोन केला, तर "माझ्यावर उपकार केलेस असं समजू नकोस," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.

आता गप्प गप्प दिसणाऱ्या प्रत्येकाला ती तोच प्रश्न विचारते. काही जण रागावतात आणि हायवेवरच्या दुकानात जातात. तिथे कुणी काही विचारत नाही.