लोणीची ती बाई

औटी सर अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले आणि राजुरीतल्या शोकसभेला जनावरांच्या डॉक्टरांची रीघ लागली. सगळे कॉलेजातले सरांचे विद्यार्थी. सर पूर्वी लोणीला जनावरांच्या तपासणीची शिबिरं घ्यायचे, म्हणून तिथल्या लंकाबाईही लेकासोबत आल्या होत्या.

पहिले डॉक्टर म्हणाले, "सर सांगायचे, आधी धार काढणारीला विचारा, मग जनावराला हात लावा. हे त्यांना लोणीच्या एका म्हातारीनं, स्वतःच्या गाईचं दुखणं सांगून शिकवलं." दुसऱ्यांनी तीच गोष्ट सांगताना गाईची म्हैस केली. तिसऱ्यांनी तर बाईच पारगावला नेऊन बसवली.

लंकाबाईंचं डोकं चक्रावलं. लोणीच्या शिबिरात त्या पदराआडून बोलल्या होत्या खऱ्या, "गाईचं डावं थान दुखतंय." पण तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. चारचौघांत तोंड उघडलं म्हणून सासूनं आठ दिवस अबोला धरला, तेवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. मग ही बाई आपण, का दुसरीच कुणी? विचारावं तरी कुणाला? सांगणारा तर हार घातलेल्या फोटोत गप्प होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाईनं वैरण सोडली. नवी डॉक्टरीण आरती आली. सरांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. घरातले बाप्ये पुढं सरसावले, पण तिनं बॅग न उघडताच लंकाबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

लंकाबाईंनी आधी दाराकडं बघितलं. सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती.

मग त्या बोलल्या.