टोचलेल्या अन् काढलेल्या सुया

ती घटना आठवली की आजही माझीच मला लाज वाटते. मोताळ्याकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. सकाळीच निनावी फोन आला, की अमुक गावात एक बाई डॉक्टर नसताना लोकांना सुया टोचते. वैद्यकीय अधिकारी आणि दोन पंच घेऊन आम्ही छापा टाकला. पन्नाशीची बाई, ॲक्युपंक्चर करणारी. ओट्यावर चार-पाच म्हातारे गुडघे धरून बसलेले.

"परवाना कुठंय?" मी दरडावलं.

"हे काय, भितीले लावेल हाये ना!"

भिंतीवर ॲक्युपंक्चरवाल्यांच्या एका संघटनेचं प्रमाणपत्र होतं. ते लागलं की झालं, अशी बापडीची समजूत असणार, असं मला वाटलं! मी ती फ्रेम, सुया आणि एक जाड वही जप्त केली आणि पंचनाम्यावर तिची सही घेतली.

ठाण्यात विचारलं, "सरकारच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडं नोंदणी काऊन नाही केली?"

"कागद अध्यक्षाजवळ देल्ले साहेब. संघटनाच पाठोते म्हने. पोच मांगतली तं मायावरच खेकसला. आठ दिवसानं नोंदणीची मुदत सरते."

तेवढ्यात फ्रेम न्याहाळणारा हवालदार म्हणाला, "साहेब, याच्यावरचा संघटनेचा फोन नंबर पाहा. सकाळचा फोन याच नंबरावरून आलता!"

अध्यक्षाला उचललं. आधी तोरा, मग घाम. नोंदणीचे पैसे घेऊन त्यानं कितीतरी सभासदांचे अर्ज कपाटात तसेच टाकून ठेवले होते. बाई बोभाटा करील या भीतीनं त्यानं तिच्यावर आम्हालाच सोडलं होतं. त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला.

बाईचे कागद मिळाले, पण परिषदेला तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचा पुरावा हवा होता. "तो त्या वहीत हाये," ती रडत म्हणाली. "तुमीच तं नेली!"

मुद्देमालातली वही तेव्हा कुठं उघडली. पानोपानी तारीख, रुग्णाचं नाव, किती सुया टोचल्या, किती काढल्या, आणि पुढं रुग्णाची सही किंवा अंगठा.

"येखादी आंगात राह्यली तं?" ती म्हणाली.

मी वही जप्त केली होती, वाचली नव्हती. न्यायालयाच्या परवानगीनं तिला प्रती दिल्या. शेवटच्या दिवशी अर्ज पोचला आणि नोंदणी झाली. कागदावर शिक्का आहे का, हे आम्ही पोलीस झटकन बघतो. माणूस काम कसं करतो, हे बघायला मला या बाईनं शिकवलं.

निवृत्तीनंतर खांदा धरला, तेव्हा तिच्याकडंच गेलो. तिनं सुया काढून मोजल्या आणि वही पुढं केली.

"अकरा टोचल्या, अकरा काढल्या. करा सही, साहेब."

या वेळी मी आधी वाचलं, मग सही केली.