पालथे पडणारे भाऊजी

भाऊजी,

क्लबची पंचवीस वर्षांची स्मरणिका तुमच्याकडे पोचली असेलच. पान सत्तेचाळीस उघडू नका. उघडलंच तर चष्मा काढून ठेवा. तिथे तुम्हाला 'बागकाम व देखभाल' या मथळ्याखाली टाकलंय, कुंड्यावाल्याच्या खाली आणि खतवाल्याच्या वर. मी संपादकाला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, ते गवताचंच काम करायचे ना?" मी म्हटलं, "आणि तू शाईचं करतोस का?" त्याने फोन ठेवला. म्हणून आता मीच लिहिते. पत्र तुम्हाला आहे, पण चार लोकांनी वाचावं असंही वाटतंय, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंही यात येणार. कंटाळा आला तर डुलकी काढा.

ताईने तुमच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा काय करतो?"

"गोल्फची मैदानं आखतो."

"ते झालं. पोटासाठी काय करतो?"

त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की तुमचा खरा धंदा आपण लपवतोय. त्यांचं तरी काय चुकलं? गवत आपोआप उगवतं, त्यात आखायचं काय, असं कुणालाही वाटेल. अठरा भोकं, प्रत्येकाभोवती गालिच्यासारखी कापलेली हिरवळ, वाटेत वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर. चेंडूने कुठे थांबायचं, कुठे घरंगळायचं, पाण्याने कुठून निघून जायचं, हे सगळं कुणीतरी आधी ठरवलेलं असतं, हे खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं.

तुमची पद्धत म्हणजे दोन बादल्या आणि पोट. नव्या हिरवळीवर पाणी ओतायचं, पालथं पडायचं, गाल गवताला टेकवायचा आणि पाणी कुठे जातं ते बघत राहायचं. मी एकदा डबा घेऊन आले तर लांबून वाटलं, माणूस गेला! डबा टाकून धावले. तुम्ही मान न उचलता म्हणालात, "मेव्हणीबाई, सावली पडतेय, बाजूला व्हा." तुमच्या एकाही पँटचा गुडघा मूळ रंगाचा राहिला नाही. ताई शेवटी गर्द हिरव्याच पँटी आणायला लागली.

आणि तुमचा साहाय्यक म्हणून आला तो 'इस्त्री'. हे नाव तुम्हीच ठेवलंत. त्याच्या पँटच्या घडीने कागद कापला असता. तो तिपाईवर उतार मोजायचं लेव्हल मशीन लावून, एका डोळ्याने बघून, आकडा सांगायचा. नऊ वर्षं तुमचं उत्तम जमलं. मग एका गिऱ्हाइकासमोर तुम्ही म्हणालात, उतार डावीकडे आहे. तो म्हणाला, "सर, मशीन वेगळं सांगतंय."

"मग आजपासून मशीनकडेच नोकरी कर," तुम्ही म्हणालात.

त्याने केली. स्वतःचं ऑफिस थाटलं, सहा माणसं ठेवली, आणि पुढची अकरा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. त्याचं काम छापून आलं की तुमच्या पोटात दुखायचं. तुमचं छापून आलं की त्याच्या. फोटोतला दुसऱ्याचा बंकर दोघंही भिंग घेऊन तपासायचात. त्याच्या बायकोने मला सांगितलंय, उगाच नाही म्हणू नका.

खरी चुरस होती ती समुद्राकाठच्या जागेची. वाळूच्या टेकड्या, झुडपं आणि वारा, बाकी काही नाही. वीस वर्षं दर उन्हाळ्यात तुम्ही ताईला 'हवापालटाला' तिथे न्यायचात. ती छत्री धरून बसायची आणि तुम्ही टेकड्या तुडवायचात. तिथे एक मैदान आखायचं, मग कायमचं निवृत्त व्हायचं, हे तुमचं ठरलेलं होतं. आणि ती जागा घेतली क्लबच्या अध्यक्षांनीच. आधी त्यांनी क्लबच्या जुन्या मैदानाचं काम काढलं. दोघांतला एक निवडवेना, म्हणून पहिली नऊ होल तुम्हाला, पुढची नऊ इस्त्रीला. ज्याचं काम सरस ठरेल त्याला समुद्र.

रविवारी तुमचे नकाशे ट्रेस करायला मी यायचे. नववी हिरवळ तुमची, अठरावी त्याची, दोन्ही क्लबच्या ओसरीसमोर, मध्ये तीस पावलांची पट्टी. मी पाण्याच्या बाणावर पेन्सिल ठेवून विचारलं होतं, "भाऊजी, हे पाणी पुढे जातं कुठे?"

"पलीकडे."

"पलीकडे कोण आहे?"

"तो आहे. त्याचं तो बघेल."

"त्याला एकदा विचारा तरी."

"मी? त्याला?" तुम्ही असं बघितलंत, की मी तो बाण तसाच गिरवला.

तिकडे त्याच्या ऑफिसातही एक बाण निघत होता. अलीकडे.

तपासणीच्या सकाळी सगळे फवारे अर्धा तास सोडायचे, पाणी कुठे साचत नाही हे दाखवायला, असा या धंद्यातला रिवाज. समितीसाठी मंडप घातला होता, खुर्च्या, टेबलं, पांढऱ्या चादरी. कुठे? बरोबर त्या तीस पावलांत. दहा मिनिटं सगळं छान. तुम्ही हाताची घडी घालून त्याच्या हिरवळीकडे बघत होतात, तो तुमच्या. मग अध्यक्षांनी एक पाय उचलला. मग दुसरा. दोन्ही बाजूंनी पाणी अगदी शिस्तीत मंडपात शिरत होतं. तुमच्या उतारात चूक नव्हती, त्याच्याही नव्हती. माणसांचं तेवढं चुकलं होतं. अध्यक्ष पांढरे बूट घालून खुर्चीवर उभे राहिले आणि म्हणाले, "चार दिवस देतो. दोघांनी मिळून निस्तरा, नाहीतर समुद्राचं काम तिसऱ्याला."

ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही पालथे, तो मशीनपाशी उभा, दोघांत तीन हातांचं अंतर, आणि मध्ये मी.

"मेव्हणीबाई, त्यांना सांगा, चर दोन बोटं खोल घ्यायला हवा."

"बाई, सरांना सांगा, मशीन एक बोट म्हणतंय."

"मशीनला सांगा, खाली झोपून बघ म्हणावं."

"मी काय टपालखातं आहे?" मी ओरडले. "एकानेही आता माझं तोंड वापरलं तर मी घरी जाईन!"

दीड बोटावर पाणी सुटलं. वळलं, चरात शिरलं आणि खळखळ न करता निघून गेलं. दोघांच्या तोंडून एकदमच "अरे!" निघालं. त्याने तुम्हाला उठवायला हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "पँट खराब होईल तुझी." अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही पँटीबद्दल! तो हसला, तुम्हीही हसलात. मला वाटलं, मिटलं.

समुद्राचं काम इस्त्रीला मिळालं. अध्यक्ष मला ओसरीवर म्हणाले, "तुमचे भाऊजी गुणी आहेत हो, पण पालथा पडलेला आर्किटेक्ट पाहुण्यांना कसा दाखवायचा?" मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

 त्या दिवशी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलंत. न कुरकुरणाऱ्यांनासुद्धा. ताई स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं गं."

पुढे महिन्याभराने तुमचा फोन. "गुरुवारी गाडी मोकळी आहे का? ताईला बोलू नका." क्लबच्या फळ्यावर नव्या मैदानाचा नकाशा लागला होता. चौथी हिरवळ त्याने चुकीच्या जागी धरली होती. संध्याकाळचा वारा टेकडीवरून वाळू उचलतो आणि नेमकी तिथे आणून टाकतो, हे तुम्हाला वीस उन्हाळ्यांचं पाठ. "चौदा पावलांचा फरक आहे, मेव्हणीबाई. मला फक्त त्या जागेवर ठोकलेली खुंटी बघून यायचीय."

फक्त बघून! मी काय तुम्हाला ओळखत नाही? तुम्ही ती उपटणार, चौदा पावलं चालणार आणि तिथे ठोकणार. आणि रखवालदाराने दुसऱ्याच्या जागेत तुम्हाला खुंटीसकट पकडलं असतं तर? मी "हो, गुरुवारी" म्हटलं. त्या गुरुवारी माझी गाडी पंक्चर होती. पुढच्या गुरुवारी मला पेपर तपासायचे होते. तिसऱ्या गुरुवारी माझा दात दुखत होता. चौथ्या गुरुवारी तुमचा फोन आला नाही, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. गाडी पंक्चर नव्हती, भाऊजी. दातही ठणठणीत होता.

हे सगळं आत्ता का सांगतेय? मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे इस्त्री भेटला. केस पांढरे, घडी तशीच. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून दोघंही डोळे मिटून शेजारी बसलो होतो. तो म्हणाला, "बाई, चौथी खुंटी मी अडीच महिने तशीच ठेवली होती."

"कशाला?"

"जागा चुकलीय एवढं मला कळत होतं. बरोबर कुठली ते कळेना, मशीनला वाऱ्यातलं काही कळत नाही. नकाशा फळ्यावर मीच लावला. म्हटलं सर बघतील, भडकतील, येऊन उपटतील. रखवालदाराला सांगून ठेवलं होतं, हिरव्या गुडघ्यांचे गृहस्थ आले तर अडवू नकोस, चहा दे."

"अहो, मग सरळ बोलवायचं होतं!"

"बोलवलं असतं तर आले असते?"

आलाच नसतात. मला ठाऊक आहे, त्यालाही होतं. अडीच महिन्यांनी अध्यक्ष मागे लागले आणि हिरवळ तिथेच झाली. आता रोज संध्याकाळी दोन माणसं तिच्यावरची वाळू झाडतात म्हणे.

मग मी त्याला तुमचा फोन, ते गुरुवार आणि चौदा पावलं, सगळं सांगून टाकलं. त्याने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "चौदा पावलं म्हणालात ना? कुठल्या बाजूला?"

मला सांगता आलं नाही. ते मी तुम्हाला विचारलंच नव्हतं.