अंकलनी दुकान वाढवलं

या पानावरचे चित्रविचित्र अनुभव मी आजवर फक्त टवाळी करायला वाचत आले. "ॲसिडिटी झाली असेल" असल्या कॉमेंट माझ्याच. त्यामुळे आता तुम्ही माझी खेचलीत तरी तक्रार नाही. पण कोणाला काही सुचलं तर खरंच सांगा... कारण माझी अक्कल संपली आहे.

मी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहते. सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करते, फेलोशिपवर. चांगली नोकरी सोडून यात उडी घेतली तेव्हा बाबांनी अबोला धरला होता. पुढे त्यांचीच कंपनी बंद पडली आणि आता घर त्याच फेलोशिपवर चालतं. माझा विषय असा – छोटे पुरवठादार मोठ्या कारखान्याला ऐन अडचणीत माल कसा पोचवतात. त्यातली मुख्य केस म्हणजे उल्हासनगर कॅम्प पाचमधले किशन अंकल. सिंधी, वयस्कर, पुठ्ठ्याचे खोके बनवणारे. अंबरनाथच्या एका कारखान्याला त्यांचे खोके जायचे. लॉकडाऊनमध्ये बाकी सगळे ठप्प असताना यांचा माल एकदाही चुकला नाही. कसा? या एका प्रश्नावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे.

पहिल्या भेटीत अंकल म्हणाले होते, "सीझन संपू दे बेटी, मग आरामात बसू." त्यानंतर त्यांचा फोनच लागेना. मी बाकीचं फील्डवर्क उरकत राहिले आणि बघता बघता रिव्ह्यू तोंडावर आला. गाइड मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "ही केस पूर्ण नसेल तर कमिटी फेलोशिप थांबवेल." त्या दिवसांत मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे, म्हणजे आईला ऐकू जायला नको.

मग एका दुपारी मिस्ड कॉल आला. अंकलचा नंबर! मी लगेच उलट फोन लावला.

"बेटी, मी दुकान वाढवला. आता टाइमच टाइम आहे. ये."

दुकान मोठं केलं असणार, असं मी समजले. इंग्लिश मीडियमची पोर मी... "काँग्रॅच्युलेशन्स अंकल!" म्हटलं. ते नुसतेच हसले.

मी धावत गेले. टळटळीत दुपार, शेजारच्या गाळ्यात शिलाई मशिनींचा खडखडाट. शटर अर्धं वर होतं, मी वाकून आत शिरले. दुकान होतं तेवढंच होतं, उलट रिकामं. माल नव्या जागेत हलवला असेल, असं वाटलं. अंकल स्टुलावर बसले होते. अंबरनाथच्या कारखान्यात खरेदी बघणारे म्हात्रे काका त्यांना ऑर्डर कशी देत, ते त्यांनी मजेत सांगितलं. फक्त मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे छोटे खोके, दोन रिंग म्हणजे मोठे. "आम्ही दोघंच जाणतो. तिसरा कोण नाय."

लॉकडाऊनचं विचारलं तर म्हणाले, "ती लंबी स्टोरी आहे. आज थकला मी. पुढच्या वेळी."

"बरं अंकल, जाते मी."

"जाते नाय बोलायचा, बेटी. येते बोल."

"येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला जाऊन म्हात्रे काकांना भेटले. म्हटलं, "किशन अंकल मस्त आहेत. दुकान वाढवलं त्यांनी!"

काकांचा चहा हातातच राहिला. "पोरी, दुकान वाढवला म्हंजे बंद केला. बंद बोलू नये, म्हनून वाढवला बोलतात. आनि किशनशेठ जाऊन किती महिने झाले... मी सोता गेलतो मयताला."

मी एक रिंग, दोन रिंगचं सांगितलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला. "ह्या तर मी बायकोला पन नाय सांगितला."

तशीच कॅम्प पाचला गेले. शटर बंद. कुलपाला गंज. शेजारचा टेलर म्हणाला, "अंकल गुजर गये तबसे बंद है. कल भी बंद ही था." अंकलच्या मुलाला गाठलं, तर तो नंबर त्याने केव्हाच बंद केला होता. माझ्या फोनमध्ये मात्र तो मिस्ड कॉल अजून दिसतो.

लॉकडाऊनमध्ये माल कसा यायचा, हे मुलाला माहीत नाही. म्हात्रे काकांनी कधी विचारलं नाही. आणि जेवढं अंकलनी सांगितलं तेवढं तरी कमिटीपुढे कसं ठेवू? मुलाखतीची तारीख काय घालू? मॅडमनी हातापाया पडून शेवटची मुदत मिळवून दिली आहे, तीही संपत आली. आई शेजारणींना अजून सांगते, "आमची डॉक्टर होणार."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. उन्हाने भास झाला म्हणाल, तर त्या रिंगांचं मला कोणी सांगितलं? मला भीती वाटायला हवी, हे कळतं. पण फेलोशिप गेली तर काय, या भीतीपुढे ती भीती उभीच राहत नाही.

म्हणून मी अजूनही दुपारची कॅम्प पाचला जाते. त्या गंजक्या कुलपासमोर उभी राहते आणि टेलरला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणते, "अंकल, मी आले."