वडिलांच्या अंगावरचे कोलन वॉटर

तो वास वाईट नव्हता, हे आधी लिहून ठेवतो. पुढे मी त्याच्यावर इतका राग धरला, की निदान आता पन्नाशी उलटल्यावर तरी त्याच्याविषयी न्यायाने बोलावे असे वाटते. बूच काढले की पहिल्यांदा कच्च्या लिंबाची तीव्र, नाकाला झोंबणारी झुळूक येई. ती ओसरली की संत्र्याची साल सोलताना नखाखाली येतो तसा गोडसर गंध, आणि त्याच्यामागे हिरवे पान चुरगळल्यासारखा किंचित कडवटपणा. कातडीला लागताच स्पिरिटचा गारवा जाणवे. टिकाऊपणा मात्र नव्हता. घाम सुटला की तासाभरात सारे विरून जाई, फक्त सदऱ्याच्या कॉलरला थोडे रेंगाळत राही. अत्तरासारखे ते शेजारच्या माणसावर चालून जात नसे. उन्हाळ्यासाठी आणि माझ्यासारख्या कारकुनाच्या खिशासाठी याहून बरे काही त्या काळी मिळत असेल असे मला वाटत नाही.

सत्तरचे दशक सरत आले होते. मी मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला होतो आणि वसईतल्या आमच्या गावाहून रोज जा-ये करत असे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दुपारी रुमालावर कोलन वॉटरचे चार थेंब टाकून मानेवरून फिरवीत. एकदा त्यांनी रुमाल माझ्यापुढे केला. "घ्या, लावा. जरा माणसात या," ते म्हणाले. मी लावले, आणि मला एकदम वडिलांची आठवण झाली.

वडील तेव्हा आजारी होते. आमची वाडी केळीची आणि पानवेलींची. जन्मभर ओल्या मातीत वावरलेला तो माणूस नाताळापासून अंथरुणाला टेकला होता. अन्न पोटात ठरत नव्हते. मुंबईच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितले की पोटातली गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली आहे. पावसाळा निघाला तर नशीब समजा. त्यांना सांगू नका, माणूस धीर सोडतो, असेही त्यांनी बजावले. मी आईला सांगितले. धाकट्या बहिणीला सांगितले नाही, कारण तिचे लग्न ठरले होते. नवरा मुलगा आखातात नोकरीला होता, पुढच्या नाताळात यायचा होता, आणि नाताळानंतर लग्न असे दोन्ही घरांत पक्के झाले होते. वडिलांना आम्ही सांगितले की अल्सर आहे, पथ्याने बरा होईल.

औषधांचा वास त्यांच्या अंगाला चिकटून राहिला होता. "मला माझाच वास सहन होत नाही," असे ते एकदा म्हणाले होते. म्हणून त्या संध्याकाळी कचेरीतून निघताना मी एका दुकानातून कोलन वॉटरची बाटली घेतली.

इथे आमच्या ख्रिस्ती आळीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे हे पाणी जिवंत माणूस लावत नसे. घरात कोणी वारले की त्याला आंघोळ घालून, सणाचे कपडे चढवून बैठकीच्या खोलीत ठेवत, आणि बायका त्याच्या उशीवर, रुमालावर, छातीवर जुळवलेल्या हातांवर कोलन वॉटर शिंपडत. उन्हाळा असला तर लांबचे नातेवाईक येईपर्यंत पुन्हा पुन्हा शिंपडत. म्हणून घरातले दुखणे हाताबाहेर गेले, की एखादे जाणते माणूस काही न बोलता एक बाटली आणून घरच्या वेदीखालच्या कपाटात ठेवी. त्याबद्दल कोणी विचारत नसे. मीही लहानपणापासून तो वास प्रेताच्या उशाशीच घेतला होता. तरी दुकानात उभा असताना मला ते आठवू नये, याचे आजही नवल वाटते. एवढेच उत्तर सापडते की शहरात तो वास मी एका हसऱ्या माणसाच्या मानेवर घेतला होता, आणि माझ्या मनाने तेवढ्यात घर बदलले होते.

वडील ओटीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी बाटली घेतली, बूच काढले, एकदा हुंगले आणि ते पुन्हा घट्ट लावले.

"कोणी आणायला सांगितली? आईने?"

"कोणी नाही, बाबा. उकडतं म्हणून आणली."

"बरं केलंस." मग बाटली मला परत देत म्हणाले, "कपाटात ठेव. किल्ली आईकडे आहे."

आई दारात तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातले सूप थांबले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले तेव्हा मला कळले की मी काय आणले आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना वडील म्हणाले, "लग्न नाताळानंतर नको. पास्काचा सण झाला की करून टाकू. जावयाला तार करा, रजा काढून ये म्हणावं."

बहिणीला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती हसली. "एवढी जड झाले का मी, बाबा? अजून चोळ्यासुद्धा शिवायच्या आहेत."

"चोळ्या काय, आठवड्यात होतात."

"आणि तुम्ही? पेज पिऊन नाचणार कसे माझ्या लग्नात?"

"बसून नाचेन. खुर्ची धरायला तुझा भाऊ आहे."

जेवणे झाल्यावर आईने मला चुलीपाशी गाठले. "त्यांना कळलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तू आता काही सांगू नकोस, काही लपवूही नकोस. फक्त तार कर. पोरीचं लग्न बघून जातील."

"डॉक्टर म्हणाले, कळलं तर धीर सोडतील."

"डॉक्टरने संसार केलाय का त्यांच्याबरोबर?"

मी तार केली नाही. त्यामागची कारणे मी तेव्हा स्वतःला फार नीट समजावून दिली होती. आशा हेच औषध. नवऱ्या मुलाची नोकरी नवी आहे, रजा मागितली तर अडचण होईल. घाईचे लग्न पाहून गाव तर्क करील. यांतले एकही कारण खोटे नव्हते. पण त्यांच्या तळाशी आणखी एक होते, आणि ते मी फार उशिरा ओळखले. वडिलांना त्यांच्या मरणाची बातमी माझ्या हाताने पोचली होती, आणि ती मला परत घ्यायची होती.

सकाळी मी आईकडून किल्ली मागून घेतली, बाटली काढली आणि वडिलांसमोर उभा राहून ते पाणी गळ्याला, मनगटांना चोळले.

"हे काय करतोस?"

"लावतो, बाबा. कचेरीत सगळे लावतात. उन्हाळ्याचं असतं हे. तुम्हालाही त्यासाठीच आणलं होतं. तुम्ही कपाटात काय ठेवायला सांगितलंत!"

त्यांनी मला जवळ बोलावले, माझ्या मानेशी नाक नेले आणि म्हणाले, "मुंबईत मढीसुद्धा नोकरी करतात वाटतं."

आळीतून जाताना मासे साफ करत बसलेल्या शेजारच्या काकींनी मान वर केली. "कोण गेलं रे? घंटा तर ऐकली नाही."

"कोणी नाही, काकी. माझाच वास आहे."

"मग आज-उद्यात काय ते उरक. परवा फादर बाहेरगावी जायचेत."

मी हसलो. संध्याकाळी घरी येऊन हा किस्सा वडिलांना सांगितला, तेव्हा कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले. ते हसू मला माझ्या बाजूचा पुरावा वाटले.

मग तो आमचा नेमच झाला. सकाळी मी त्यांच्यासमोर कोलन वॉटर लावायचे आणि संध्याकाळी आल्यावर त्यांनी परीक्षा घ्यायची. पानवेलीचे पान बोटांत धरून त्याचा कस सांगणारा तो माणूस वासाची परीक्षाही तशीच करी; डोळे मिटून, घाई न करता.

"सकाळी लिंबू होतं. आता नुसता घाम आहे. तुझा दुकानदार लबाड दिसतो."

"कॉलरला बघा, बाबा."

"कॉलरला साबण आहे. तोही आईचा."

बहिणीने एकदा वेणीला चार थेंब लावून पाहिले आणि संत्र्याच्या गोळीसारखे वाटते, असा निकाल दिला. आईने बाटलीला हात लावला नाही. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता. या दिवसांत अंगाला वास लावून हिंडणे शोभत नाही एवढेच ती म्हणाली. तिला काय म्हणायचे होते ते मला समजत होते.

एका सकाळी वडिलांनी आपण होऊन मनगट पुढे केले. "लाव बघू. मेल्यावर लावलेलं मला थोडंच कळणार आहे!" मी लावले. त्यांनी मनगट बराच वेळ नाकाशी धरले. गारव्याने त्यांच्या हातावर काटा आला होता. "चांगलं आहे रे," ते म्हणाले. "इतकी वर्षं उगाच मेलेल्यांवर उधळलं."

पास्काच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ते हट्टाने चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आले. स्वच्छ सदरा, हातात झावळी आणि मानेवर ते पाणी. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी मागे वळून पाहिले, आणि वास कुठून येतो हे ध्यानात येताच एकीने क्रुसाची खूण केली. वडिलांचे खांदे हलू लागले. ते हसू दाबत होते.

परत येताना ते माझ्या हाताचा आधार घेऊन चालत होते. विहिरीपाशी दम खायला थांबले.

"अल्सर आहे म्हणतोस ना?"

"अल्सरच आहे, बाबा."

"शपथ नको घेऊस. असंच सांग."

"असंच सांगतो. अल्सर आहे."

त्यांनी मान हलवली. मग वाडीकडे पाहत म्हणाले, "तर मग लग्न ठरल्याप्रमाणे नाताळानंतरच होऊ दे. जावयाची नोकरी नवी आहे. उगाच घाई नको."

मला त्या क्षणी आनंद झाला. तो लपवून मला हे लिहिता येणार नाही. आपण एका माणसाला मरणाच्या भयातून सोडवले, असे वाटून मी उरलेली वाट हलक्या पावलांनी चाललो. घरी आल्यावर आईला सांगितले. ती तशीच झावळी हातात घेऊन वेदीच्या क्रुसामागे खोचत राहिली.

त्यांचा खरोखरच माझ्यावर विश्वास बसला होता, की माझी धडपड पाहून त्यांनी तो मला देऊन टाकला, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. विश्वास बसला असेल, तर मी त्यांना फसवले. बसला नसेल, तर मरणाऱ्या माणसाने लेकीच्या लग्नाची इच्छा मुलाच्या समाधानासाठी मागे घेतली, आणि ते मला दिसले नाही. या दोहोंतले कोणते कमी वाईट, याचा विचार मी वर्षानुवर्षे केला आहे. पापनिवेदनातही हे सांगितले. हेतू चांगला होता, असे फादर म्हणाले. मी ते नम्रपणे ऐकून घेतले, पण मनाला ते पुरले नाही.

तो सारा उन्हाळा त्यांनी ते पाणी लावले. पहिली बाटली संपली, मी दुसरी आणली. पावसाळ्यात त्यांचे उठणे-बसणे बंद झाले तरी बहीण सकाळी त्यांच्या मानेवर रुमाल फिरवीत असे, आणि ते डोळे मिटून म्हणत, "आज लिंबू जास्त आहे." सप्टेंबरातल्या मरियामातेच्या सणाचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होण्याआधीच ते गेले.

त्यांना बैठकीच्या खोलीत ठेवल्यावर काकी रीतीप्रमाणे बाटली घेऊन आल्या आणि जपून थेंब शिंपडू लागल्या. बहिणीने ती बाटली त्यांच्या हातातून घेतली. "असं नको, काकी. ते मानेला लावायचे." तिने रुमाल भिजवला आणि रोजच्यासारखा त्यांच्या मानेवरून फिरवला. खोलीतल्या इतरांना तो वास मरणाचा होता. तिला तो वडिलांचा सकाळचा वास होता. हे मीच घडवले होते, आणि तिच्याकडे पाहत उभे राहणे मला जमले नाही.

दफनानंतर काही दिवसांनी ती विहिरीपाशी कपडे धूत असताना मला म्हणाली, "आईने सांगितलं. तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"बाबांनी लग्न अलीकडे आणलं होतं. तेव्हाही माहीत होतं."

"हो."

तिने ओला सदरा पिळून बाजूला ठेवला. "आणि मी त्यांना चोळ्यांचं सांगत बसले," ती म्हणाली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. तिने आरडाओरड केली असती तर मी तिचा ऋणी झालो असतो.

नाताळानंतर लग्न झाले. घरात सुतक म्हणून बँड नव्हता, नाच नव्हता. वधूला वेदीपर्यंत वडील नेतात. वडील नसले तर थोरला भाऊ. मी त्यासाठी काळा सूट शिवून घेतला होता. आदल्या दिवशी घरात पाहुणे जमलेले असताना बहीण शांतपणे म्हणाली, "मला आई नेईल."

थोरल्या आत्याने कपाळाला हात लावला. "वर्ष फिरलं नाही, आणि विधवा बाई पुढे चालणार? भाऊ आहे ना धडधाकट!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोलावे, आग्रह धरावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, "आईच जाईल." आई म्हणाली, "मी नेते," आणि लगेच शिवणातले काही राहिले का ते पाहायला आत गेली.

चर्चमध्ये मी पहिल्या बाकाच्या कडेला उभा होतो. वाद्य सुरू झाले आणि मागच्या दारातून त्या दोघी आल्या. आईचा एक गुडघा दुखरा होता. तिच्यासाठी बहीण पावले आखूड टाकत होती. माझ्या बाकापाशी आल्यावर आईने माझ्याकडे पाहिले. बहीण समोर वेदीकडे पाहत होती. तिचा पदर माझ्या बाहीला घासून गेला, आणि त्या दोघी पुढे गेल्या.