आत्याबाईंची उघडी भाजी

सोमवारी सकाळी सव्वानऊला आत्याबाई गेल्या. मी बारामतीत, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सुधाकरचा फोन आला. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी पुस्तक मिटलं आणि सणसरला निघाले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आजारपण आठवत नाही, मागच्या हिवाळ्यातली चायनीज भाजी आठवते आणि आजही अंगात तीच लगबग भरते. दात गेल्यापासून दोन वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून, पदराआड जेवत होत्या. लग्नाकार्याला जाणं त्यांनी सोडलं होतं. कवळी करून आणली, पण ती महिनाभर डबीतच राहिली. अशात वडगाव निंबाळकरला त्यांच्या भावाच्या नातीचं लग्न आठ दिवसांवर आलं. भाऊ स्वतः येऊन बोलावून गेला, तरी यांचं 'बघू'. पंगतीत चारचौघांत कवळी निसटली तर... शेवटी तोड त्यांनीच काढली. पोरं ती चायनीज भाजी कराकरा खातात, ती घरी करायची. "चावली तर लग्नाला जाईन, न्हाय तर न्हाय."

मला स्वयंपाक जेमतेम येतो, तेव्हा मी कृती वहीत उतरवून घेतली. कॉलेजातून येताना काटेवाडीला उतरून कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, पातीचा कांदा घेतला. चिरण्यात आत्याबाईंचा हात कोण धरणार? गाजराच्या काड्या त्यांनी अशा केल्या की एकीशेजारी एक लावून बघाव्यात. मोठ्या आचेवर तेल तापलं, लसूण तडतडला, भाज्या पडल्या, आणि मी वहीतली पुढची ओळ वाचेपर्यंत त्यांनी सवयीनं कढईवर ताट झाकून त्यात तांब्याभर पाणी ओतलंही होतं. पन्नास वर्षं प्रत्येक भाजी त्यांनी अशीच वाफेवर शिजवली होती. झाकण काढलं तेव्हा कोबीचा लगदा झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चष्मा पुसला, तेवढ्यात ताट कढईवर.

"अगं, उघडी भाजी शिजती व्हय कुठं?"

"शिजवायची नाहीच, आत्याबाई. नुसती परतायची."

"मग कच्चीच द्यायची की शेळीला."

सुधाकर जेवताना म्हणाला, की आई, ही तर डबीतल्या दातांनीसुद्धा खाता येईल. त्या हसल्या नाहीत. ताट सरकवून पुन्हा भिंतीकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी मी ते ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून ओट्याजवळ उभी राहिले. भाज्या कोरड्या पुसलेल्या, आच पूर्ण मोठी. आत्याबाईंचा डावा हात दोनदा ताटाच्या शोधात ओट्यावर फिरला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू त्यांचं काही चोरलं होतं. पण उजव्या हातातलं उलथनं थांबलं नाही. कोबी उडत होता, मिरचीला चकाकी आली, कडेनं सोडलेला सोया सॉस चर्रकन वाजला, वर मिरपूड पडली. "उतरवा," मी जवळजवळ ओरडलेच. आजवर मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्यांनी कढई उतरवली, तोंड धुतलं, कवळी बसवली आणि आमच्याकडे तोंड करून बसल्या. गाजराची एक काडी उचलली. मी आणि सुधाकर कान देऊन बसलो.

करकर.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"थांब. परत ऐक."

मग त्यांनी अख्खी वाटी संपवली, एकेक घास आम्हाला ऐकवत. वडगावला त्या पहिल्या पंगतीला, मांडवाच्या मधोमध बसल्या आणि वाढप्याला हाक मारून दोनदा पापड मागून घेतला. त्यानंतर दर रविवारी आमच्याकडे ती भाजी झाली, आणि दर रविवारी ताट धरायचं काम माझं. कारण हात सुधारला तरी सवय गेली नव्हती.

आता भाजी मी करते. मला झाकण घालायची सवय नाही, त्यामुळे ताट कुणापासून लपवायचं कारण उरलेलं नाही. तरी रविवारी मी कढई ठेवली, की सुधाकर ते ताट हातात धरून ओट्याजवळ उभा राहतो.